पाळण्यातून उतरलेली

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. माझा सख्खा आतेभाऊ वाल्मिक, त्याच्यावर हे गुदरलेलं आहे. खोटं बोलायचं त्याला कारण नाही. खरं तर बोलायचीच त्याला फारशी सवय नाही.

तारीख मला पाठ आहे. चोवीस एप्रिल दोन हजार एकवीस, शनिवार. सुरतेहून कामरेजच्या पुढे गेलं की हायवेला लागून एक अम्युझमेंट पार्क आहे, तिथे.

आणि रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. टळटळीत ऊन होतं.

वाल्मिकदादा मूळचा पारोळ्याकडचा, घरात अहिराणी बोलणारा. सुरतेत आला तो कापडाच्या लूमवर. ते झेपलं नाही म्हणून या पार्कात आकाशपाळणा चालवायला लागला. अकरा वर्षं झाली होती. रंजनावहिनीही तिथेच कामाला. ती लोकांना डब्यात बसवायची, दाराची कडी लावायची आणि हात वर करायची. हात दिसला की दादा दांडी ओढायचा. दिवसभरात नवरा-बायकोचं एवढंच काय ते बोलणं.

मग करोना आला.

पार्कात साठ माणसं कामाला होती. महिन्याभरात कोण कुठे पांगलं, पत्ता नाही. जोकरचे कपडे घालून पोरांना हसवणारा दीपक कतारगामला भाजीची हातगाडी लावून बसला. मधे काही महिने पार्क उघडलं. लोक मास्क लावून, घाबरत घाबरत आले. दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप.

मॅनेजरने दोघांनाच ठेवून घेतलं. गेटवर म्हातारा चिंधाकाका आणि आत वाल्मिकदादा. कारण पाळणा नुसता उभा ठेवून चालत नाही. दर शनिवारी दहा मिनिटं रिकामा फिरवावा लागतो, नाहीतर बेअरिंग जाम होतं.

दादा-वहिनी शहरातली खोली सोडून पार्कातल्या स्टाफच्या खोलीत राहायला आले. मुलगी योगिता गावी, आजीजवळ.

एवढं मोठं पार्क आणि तीन माणसं. लाटांचा तलाव कोरडा पडलेला, त्यात कुत्री झोपायची. वारा आला की पाळण्याचे वीस डबे कुरकुरायचे.

एप्रिलच्या बारा तारखेला वहिनीला ताप भरला.

दोन दिवसांत तिला श्वास घेववेना. दादाने रिक्षात घालून तिला चार दवाखाने फिरवलं. कुठे बेड नाही, कुठे ऑक्सिजन नाही. पाचव्या ठिकाणी संध्याकाळी एक बेड रिकामा झाला. तो कसा रिकामा झाला हे दादाने विचारलं नाही. वहिनीला चाकाच्या खुर्चीवरून आत नेलं आणि काचेचं दार बंद झालं.

तिचा फोन दादाच्याच खिशात राहिला होता.

सतरा तारखेला सकाळी दवाखान्यातून कॉल आला.

"रंजनाबेन पाटील के घर से बोल रहे हो?"

"हां."

"सॉरी, भाई..."

स्मशानात रांग होती. टोकन घेऊन दादा चार तास उभा राहिला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक लांब आकृती त्याच्यापुढे आणली, वर चिठ्ठी चिकटवलेली. रंजनाबेन पाटील. तोंड दाखवा म्हणून तो पाया पडला. दाखवलं नाही. लांबूनच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी अस्थी मिळाल्या, त्या त्याने एकट्याने तापीत सोडल्या.

योगिताला कळवायचं होतं. पण पोरीला सांगायला जीभ रेटेना. उद्या सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं.

तापीवरून परत आला आणि तो पाळण्याखाली जाऊन बसला. चिंधाकाका सांगतो, त्या माणसाचं रडणं गेटपर्यंत ऐकू येत होतं. एकच वाक्य पुन्हा पुन्हा.

"रंजना, एकडाव ये. फक्त एकडाव. डबामा बठ, मी तुले खाल उतारस."

पुढचे पाच दिवस तो रोज तिथे बसून, डब्यात बस, मी तुला खाली उतरवतो, हेच म्हणायचा. रोज नाव घेऊन हाक.

मग तो शनिवार उजाडला.

दादाने तीन वाजता मोटर चालू केली. आता एक गोष्ट समजून घ्या. रिकामा पाळणा ब्रेक सोडला तर जागच्या जागी उभा राहतो. पण एखाद्याच डब्यात माणूस असेल, तर त्या वजनाने तो डबा आपोआप खाली यायला लागतो. अकरा वर्षं हे काम केलेल्या माणसाला मोटरच्या आवाजावरून कळतं, आत कोणी आहे की नाही.

त्या दिवशी पहिल्याच फेरीला मोटरचा आवाज जड झाला.

दादाने बंद केली. वर बघितलं. सगळे डबे रिकामे. त्याने ब्रेक सोडला...

पाळणा आपोआप हलला. सावकाश. वरचा एक डबा खाली यायला लागला. चौदा नंबरचा.

तो फलाटासमोर आला आणि बरोब्बर थांबला.

दादाने तो मोटर लावून परत वर नेला. ब्रेक सोडला.

चौदा नंबर पुन्हा खाली.

तिसऱ्यांदा नेला. पुन्हा खाली.

तेवढ्यात गेटकडून चिंधाकाका ओरडला, "वाल्मिक! पाळणामा कोन बठेल शे रे?"

दादाने गेटकडे बघितलं. काकाला गेटवरून डबे दिसत होते, आतलं दिसत नव्हतं. मग त्याला का वाटलं की कोणी बसलंय?

दादा घाबरला नाही, असं नाही. पण त्याला तेव्हा भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. तो पुढे झाला. कडी काढली. दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. फक्त दवाखान्याचा वास. स्पिरीटचा.

"उतर," दादा म्हणाला.

काही क्षण काहीच झालं नाही.

मग डबा हलला. कोणीतरी पाय बाहेर टाकावा तसा एका बाजूला कलला... आणि हलका होऊन वर उचलला गेला. अख्खा पाळणा किंचित मागे फिरला.

वजन उतरलं होतं.

दादा खोलीकडे चालायला लागला. मागे वळून बघितलं नाही. वाळू सांडलेली होती वाटेत. पायाखाली करकर आवाज येत होता.

तो थांबला. करकर आणखी दोन पावलं चालली. मग थांबली.

त्या दिवसापासून दादा खोलीत एकटा नव्हता.

तो दोन ताटं वाढायचा. दुसऱ्या ताटातलं अन्न कमी व्हायचं नाही, पण दादाचं जेवण होईपर्यंत ते आंबलेलं असायचं, ताजं केलं तरी. शेजारच्या चटईवर माणूस झोपल्यासारखी सळ पडलेली असायची. दुपारी डोळा लागला की मोरीत भांडी घासल्याचा आवाज यायचा. दादा पडल्या पडल्या ऐकायचा आणि उशीत तोंड खुपसून रडायचा. त्याला बरं वाटायचं. मेलेली का होईना, बायको घरी आली होती.

पण काही गोष्टी जुळत नव्हत्या.

वहिनी भांडी घासून पालथी घालायची. आता सकाळी ती उताणी असायची, एकात एक घातलेली. वहिनी दाराला कधी आतून कडी लावायची नाही. आता दुपारीसुद्धा कडी लागलेली असायची. आणि भिंतीवरचा लग्नाचा फोटो... रोज सकाळी तो भिंतीकडे तोंड करून टांगलेला असायचा.

दादा तो सरळ करायचा. रुसली असेल, म्हणायचा. वेळेवर दवाखान्यात नेलं नाही म्हणून रागावली असेल.

तीन मे. सोमवार. दुपारी बाराचा सुमार. दादा खाटेवर बसला होता. पाठीमागे मोरीत भांड्यांचा आवाज चालू होता.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो?"

पलीकडून नुसता श्वास. मग एक थकलेला, खोल गेलेला आवाज...

"तुम्ही कथा शेतस? इतला दिवस झायात, कोनी उनं नही. माले लेवाले या ना."

रंजनावहिनी.

दादा खाटेवरून उठून उभा राहिला. नर्सने फोन घेतला. पेशंट दोन आठवडे शुद्धीवर नव्हती, आता ऑक्सिजन काढलाय, घेऊन जा, म्हणाली.

दादाने फोन कानाला तसाच धरला होता.

आणि त्याच्या लक्षात आलं...

मोरीतला आवाज थांबला होता.

अगदी थांबला होता. कोणीतरी कान देऊन ऐकत असावं तसा.

दादा मागे न बघता बाहेर पडला. अनवाणी. हायवेवर आल्यावर त्याला कळलं, चपला राहिल्या.

दवाखान्यात वहिनी खरंच बसलेली होती. अर्धी झालेली, पण जिवंत. दादाने तिचा हात धरला तो सोडेचना. मग काउंटरवर जाऊन त्याने विचारलं, मी जाळली ती कोण?

तिथल्या माणसाने दोन फायली काढल्या. दोन्हींवर एकच नाव होतं. त्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "उनका कोई नहीं आया था, भाई. उधर सचिन एरिया का पता लिखा है. हमने आदमी भेजा, कमरे पे ताला है. अकेली रहती थी."

नाव तेच. म्हणजे दादा सहा दिवस जिला हाका मारत होता...

वहिनीला दुसरीकडे न्यायला जागा नव्हती. बाधा झालेल्या माणसाला तेव्हा कोण घरात घेणार? दादा तिला पार्कातच घेऊन आला. मनाशी म्हणाला, सामान उचलायचं आणि निघायचं.

वहिनी उंबऱ्याशी आली आणि थांबली. आत बघत राहिली.

"ह्या घरमा कोन बाई ऱ्हास?"

"कोनी नही."

"माले खोटं नका सांगू," वहिनी म्हणाली. "ती मन्हाकडे देखी ऱ्हायनी."

दादाने तिला चिंधाकाकाजवळ बसवलं आणि पाळण्याकडे धावला. चौदा नंबर खाली आणला. दार उघडलं. मोकळ्या पार्कात, भर उन्हात, हात जोडून उभा राहिला. परकी बाई म्हणून शुद्ध मराठीत बोलला.

"बाई, माझी चूक झाली. मी तुला ओळखत नाही. तुझं कोणी नव्हतं, म्हणून माझ्या हातून तुला अग्नी मिळाला. मी तुझं श्राद्ध घालीन, दरवर्षी घालीन. पण परत बस. माझी बायको जिवंत आहे गं... बस परत."

तो किती वेळ म्हणत होता कोण जाणे. काका सांगतो, शेवटी त्याचा आवाज बसला होता.

डबा हलला नाही. एवढासुद्धा कलला नाही.

त्याच दुपारी दोघं एक गाठोडं घेऊन निघाली. काही दिवस चिंधाकाकाच्या भाचीकडे उधन्याला काढले, मग डिंडोलीत खोली घेतली. दादा आता साड्या पॅकिंगच्या कामाला जातो. योगिता परत आली, कॉलेजला लागली. पार्क पुन्हा सुरू झालं. गर्दी असते. पाळणा दुसराच कोणी चालवतो, आणि त्याला कधी काही जाणवलेलं नाही. चौदा नंबरमध्ये रोज पोरं बसतात, हसतात, उतरतात.

दादाने मला हे सगळं दोन वर्षांपूर्वी सांगितलं. शेवटी म्हणाला, "राहिली असेल तिथेच. माझ्यापुरतं संपलं."

मीही तसंच समजत होतो.

गेल्या दिवाळीनंतर बँकेच्या कामाने सुरतेला गेलो होतो. दुपारी दादाच्या खोलीवर गेलो. दार लोटलेलं होतं. मी उंबऱ्यात चपला काढल्या आणि हाक मारली, "रंजनावहिनी!"

आतून लगेच आवाज आला.

"आले हं. बसा."

मी बसलो. आत भांड्यांचा आवाज चालू होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. म्हटलं, चहा ठेवत असेल.

मग जिन्यावर पावलं वाजली. भाजीची पिशवी घेऊन, धापा टाकत, रंजनावहिनी दारात उभी.

"अरे भाऊ! कव्हय उनात? आनि कुलूप नव्हतं का दारले?"

आतलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

मी चहा न घेता निघालो. काम आहे म्हणालो.

मी अजून हे दादाला सांगितलेलं नाही. कसं सांगू? त्याचा फोन आला की मी इकडचं तिकडचं बोलतो. वहिनी कशी आहे, विचारतो. बरी आहे, म्हणतो तो. हल्ली जरा गप्प गप्प असते, म्हणतो. आणि मधेच... अहिराणी सोडून आपलं शुद्ध मराठी बोलते.