वाळल्या नदीकाठचा तळ

मैमुनाबीला मोजून आठ दिवस मिळाले होते. आठ दिवसांत हजरच्या डोंगरांत अशी एक जागा शोधायची, जिथे बारमाही पाणी आहे, चार तंबू ठोकता येतील आणि ती पांढरी, ट्रकमागे ओढायची, चाकांवरची घरगाडी उभी राहू शकेल. जागा मिळाली, तर डोंगरातल्या बायकांसाठी हिवाळाभर दवाखाना. नाही मिळाली, तर घरगाडी गुरुवारी परत शारजाला, इस्पितळाच्या मोठ्या साहेबांच्या पाहुण्यांना समुद्रकाठची हवा खायला!

“सिस्टर, त्या वाटेनं जायचं तर शेळ्यासुद्धा दोनदा विचार करतात,” साहेब कचेरीत सगळ्यांसमोर हसून म्हणाले होते.

“मग शेळ्यांना विचारून जाते,” मैमुनाबी म्हणाली आणि कागदावर सही करून निघाली.

१९६५ चा जानेवारी होता तो. त्या मुलखाला अजून अमिराती हे नावही मिळालेलं नव्हतं आणि डोंगराकडे डांबराचा एक पट्टाही जात नव्हता. आदल्या हिवाळ्यात डोंगरातली एक अडलेली बाई चार दिवस गाढवावर बसून किनाऱ्यावरच्या इस्पितळात आली आणि दाराशीच गेली. दारात तेव्हा मैमुनाबी उभी होती. त्या बाईचं नावही तिला कळलं नाही. बेचाळीस वर्षांची ही दापोलीकडची सुईण-नर्स तेव्हापासून वर्षभर धुमसत होती, आणि ज्याच्या त्याच्याशी भांडून तिनं ही घरगाडी मिळवली होती.

बरोबर तिघं होते. तिचा धाकटा भाऊ खैरुद्दीन, आधी बोटीवर खलाशी, आता ट्रकवर ड्रायव्हर. इद्रीस, जो मेकॅनिकही होता आणि आचारीही; त्याच्या डाळीला कधीकधी ग्रीसचा वास यायचा. आणि मुसब्बह, त्याच डोंगरात जन्मलेला पिकल्या दाढीचा वाटाड्या. मुसब्बह मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलायचा, पण बोलायचाच कमी.

धैद हे सपाटीवरचं गाव सोडल्यावर रेतीनं पहिला हिसका दाखवला. ट्रक कसाबसा निघायचा, पण मागची घरगाडी बसकण मारायची. टायरमधली हवा काढा, चाकांखाली फळ्या घाला, ढकला, पुन्हा फळ्या उचला! दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी रेती संपली आणि दगड सुरू झाले. घरगाडीचं दार बिजागरीसकट उखडलं, ते इद्रीसनं तारेनं बांधलं. एका चढावर ट्रकचा रेडिएटर उकळला, तेव्हा पिण्याचं अर्धं पाणी त्यालाच पाजावं लागलं.

“आपा, अजूनही परत फिरू या,” खैरुद्दीन म्हणाला. “ये गाडी पिकनिक के लिए बनी है, डोंगरासाठी नाही.”

“गाडी कशासाठी बनली ते गाडीनं ठरवायचं नाही, मी ठरवायचं. यल्ला, चल!”

चौथ्या दिवशी पहिली जागा मिळाली. सपाट, ऐसपैस, शेजारी विहीर. मैमुनाबीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मचूळ! पाचव्या दिवशी दुसरी जागा. खजुरांची राई, पाटातून झुळझुळ वाहणारं गोड पाणी. पण तो पाट सात घरांनी वाटून घेतलेला होता, कोणाचं पाणी कोणत्या प्रहरी हे ठरलेलं होतं. दवाखान्याला पाणी द्यायचं, तर कोणाचं तरी शेत कोरडं पडणार. तिनं स्वतःच मान हलवली आणि पुढे निघायला सांगितलं. आता तीन दिवस उरले होते.

सहाव्या दिवशी दुपारी ते एका रुंद वादीच्या तोंडाशी पोचले. वादी म्हणजे डोंगरातली वाळलेली नदी. दगडगोट्यांचं पात्र आणि दोन्ही बाजूंना उभे कडे. वर डाव्या अंगाला, कड्याच्या कुशीत, आठ-दहा दगडी घरं दिसत होती.

मुसब्बह खाली उतरला. “मी वर जातो. ज्यांचं पाणी, त्यांना विचारल्याशिवाय इथे कोणी तंबू ठोकत नाही. तुम्ही इथेच थांबा, सिस्टर. खाली उतरू नका. मी येऊन जागा दाखवतो.”

“किती वेळ लागेल?”

“आधी कॉफी होईल. मग बोलणं होईल.”

तो गेला. एक तास गेला, दुसराही निम्मा सरला. मैमुनाबी ट्रकभोवती फेऱ्या मारत राहिली. शेवटी तिला राहवेना. ती पात्रात उतरून वळणापर्यंत गेली, आणि तिथेच खिळून उभी राहिली.

वळणाच्या आत निळंशार पाणी साठलेलं होतं. त्याच्या काठाला पांढऱ्या वाळूचं मैदान, इतकं सपाट की घरगाडी गर्रकन वळवून लावावी. तीन मोठी बोरांची झाडं, त्यांची गार सावली. आणि सगळ्यात गोड म्हणजे, झाडांच्या उंच फांद्यांतून गवताचे लोंबते झुबके, एक नाही, पंधरा-वीस!

“खैरू, बघ! सुगरणीची घरटी!” ती ओरडली. “आपल्या ओढ्यावर असतात अगदी तश्शी!”

खैरुद्दीनही हरखला. त्यांच्या गावाकडे ओढ्यावर झुकलेल्या झाडांना अशीच घरटी लोंबायची, आणि सुगरण घर बांधते तिथे पाणी आहे आणि जागा भरवशाची आहे, एवढं गावात कोणीही सांगितलं असतं. तरी त्यानं काठावरची वाळलेल्या काटक्यांची रेघ शोधून काढली. खाडीवर भरती कुठवर चढते ते अशाच रेघेवरून ओळखतात, आणि ही रेघ तर मैदानाच्या पार खाली होती.

“पाणी इथपर्यंतच येतं, आपा. आपण त्याच्या वर आहोत. आणि आभाळ बघ, एक ढग नाही.”

“पण मुसब्बह थांबा म्हणाला होता,” इद्रीस पुटपुटला.

“मुसब्बह कॉफी पितोय!” मैमुनाबी म्हणाली. “उद्या सकाळपासून पेशंट बघायचे आहेत मला. आणा गाडी खाली.”

दीड तासात तळ उभा राहिला. घरगाडी जॅकवर ठेवली, दोन तंबू ठोकले, औषधांच्या नऊ पेट्या घरगाडीत लावल्या. तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज आटोपून मैमुनाबी पातेलं घेऊन पाण्याशी गेली. मनातून ती खूश होती. साहेबाचं तोंड कसं होईल, याचं चित्र ती रंगवत होती.

पातेलं बुडवलं, तर पाणी गढूळ.

मघाशी तळ दिसत होता या पाण्याचा! तिनं वर पाहिलं. निळं, स्वच्छ आभाळ. पाण्यावरून शेळ्यांच्या लेंड्या तरंगत आल्या, मग एक खजुराची झावळी. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिला ओल्या मातीचा वास आला.

वरून कोणीतरी किंचाळलं. मुसब्बह! कड्यावर उभा राहून तो डोक्याचं फडकं गरगरा फिरवत होता.

“सैल! सैल! पूर येतोय, पूर! वर या! सगळं सोडा, वर या!”

आणि मग तो आवाज आला. दूरवर कोणी दगडांनी भरलेली गाडी ओतावी तसा, आणि थांबतच नव्हता. पाऊस मागच्या डोंगरात कधीच पडून गेला होता. इथे त्याचा थेंबही दिसला नव्हता.

“खैरू! ट्रक सुरू कर! इद्रीस, घरगाडी जोड!”

ती घरगाडीत शिरली. एक पेटी ट्रकमध्ये. दुसरी. तिसरी. पाणी घोट्याशी आलं. इद्रीसनं जॅक लाथ मारून पाडला आणि आकड्यात पिन ठोकली. चौथी पेटी! पाचवी! ट्रक गुरगुरला. मैमुनाबी ट्रकच्या मागच्या पायरीवर लटकली. ट्रक काठाच्या चढाला लागला, दहा हात वर चढला, आणि थांबला. घरगाडीचं चाक दोन धोंड्यांच्या मध्ये गच्च अडकलं होतं.

“अजून जोर लाव!”

“जोर संपला, आपा!”

वळणावरून पाणी आलं. पाणी कसलं, तपकिरी भिंतच! तिच्या तोंडाशी झाडांचे ओंडके, कुंपणाच्या काट्या, एक मेलेली शेळी. तंबू एका क्षणात दिसेनासे झाले. घरगाडी मागून उचलली गेली आणि ट्रकला खाली ओढू लागली. चाकं घसरली. एक हात. दोन हात!

मैमुनाबीनं घरगाडीकडे पाहिलं. एक वर्षाची भांडणं, अर्ज, टोमणे, सगळं त्या पांढऱ्या पत्र्यात होतं. ती गेली की साहेब जिंकला. आणि ती ठेवली, तर खैरू, इद्रीस आणि ट्रक, सगळेच जाणार होते. तिला साहेबाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

“सोड तिला!”

“आपा, साहेबाला काय सां–”

“सोड म्हणते ना!”

पण ओढ बसलेली पिन निघेना. इद्रीस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हातोडा घालत होता. एक घाव, दोन घाव, पाय सुटला! मुसब्बह कड्यावरून अर्ध्यापर्यंत उतरला होता. त्यानं शेळीच्या केसांचा दोर फेकला. मैमुनाबीनं पायरीवरून झुकून तो झेलला आणि इद्रीसच्या कमरेला वेढा दिला. “मार!” ती ओरडली. “मार, इद्रीस!” तिसरा घाव बसला आणि पिन उडाली.

ट्रक उसळून वर गेला. इद्रीस दोराला लोंबकळत काठावर आदळला, खोकला, आणि जिवंत होता!

घरगाडी डुलत निघाली. खिडकीतला फुलाफुलांचा पडदा बाहेर फडफडत होता. मधल्या बोरीवर ती धडकली, फुटली, आणि तिचे तुकडे पाण्यानं वाहून नेले.

पाणी झाडाच्या उंच फांद्यांना भिडलं होतं, आणि वाहत आलेला पाचोळा नि गवत तिथे अडकून नवे झुबके लोंबू लागले होते. मैमुनाबी ते बघत राहिली.

“ती घरटी नव्हती,” ती हळूच म्हणाली.

“घरटी?” मुसब्बहनं डोळे बारीक केले. “सिस्टर, ती पुराची खूण आहे. आमची पोरंसुद्धा आधी झाडाकडे बघतात, मग जमिनीकडे. खालची रेघ छोट्या पाण्याची, वरची मोठ्या पाण्याची.”

“चूक माझी,” मैमुनाबी म्हणाली. “तू थांब म्हणाला होतास. मी ऐकलं नाही.” ती असं कधी बोलल्याचं खैरुद्दीनला आठवत नव्हतं, आणि तो तिच्या तोंडाकडे बघतच राहिला.

मग तो म्हणाला, “खलास, आपा. घरगाडी गेली. आता साहेब दवाखाना देत नाही. उद्या निघू या.”

“दवाखाना साहेब देणार होता का? दवाखाना पाच पेट्यांत आहे. ट्रकवर अजून दोन तंबू आहेत.” तिनं ओल्या ओढणीनं तोंड पुसलं. “मुसब्बह, तू कोणती जागा दाखवणार होतास?”

त्यानं वर बोट केलं. घरांच्या खाली, कड्याच्या कुशीत दगड वेचून साफ केलेलं एक अंगण होतं. उन्हाळ्यात गाव तिथे खजूर वाळत घालायचं. हिवाळ्यात ते रिकामं असे. शेजारच्या कपारीतून बारमाही झरा पाझरत होता, आणि तो वापरायला गावानं कॉफीच्या तिसऱ्या पेल्याला होकार दिला होता. घरगाडी तिथे कधीच चढली नसती. ती जागा तिनं खालून पाहिली होती आणि म्हणूनच मनातल्या मनात खोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरगाडी मागे नसतानासुद्धा ट्रक अर्ध्या चढावर थांबला. पेट्या आणि तंबू खांद्यावरून वर गेले. न बोलावता गावातली माणसं आली, आणि मागून बायका आल्या, तोंडावर बुरखे, कडेवर पोरं. तंबूची शेवटची खुंटी ठोकायच्या आधीच एका बाईनं भाजलेल्या हाताची पोरगी मैमुनाबीसमोर बसवली. मैमुनाबीनं तिथेच, उन्हात, पेटी उघडली.

गुरुवारी दुपारी घरगाडी परत न्यायला, तिच्या चाकांचा माग काढत साहेब स्वतः आले. जीप खाली सोडून, दगडांवरून धापा टाकत. वाटेत त्यांनी बोराच्या झाडाला अडकलेला पांढरा पत्रा पाहिला होता. वर येताच त्यांनी तंबूच्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांच्या रांगेला वळसा घातला आणि पडद्याला हात घातला.

“बाहेर थांबा!” आतून आवाज आला. “बाईला तपासतेय.”

साहेबांनी हात मागे घेतला. थोड्या वेळानं मैमुनाबी हात पुसत बाहेर आली.

“सिस्टर, घरगाडी कुठे आहे?”

“वाहून गेली. मी खाली तळ टाकला, तिथे टाकायचा नव्हता. रिपोर्टमध्ये माझं नाव लिहा, दुसऱ्या कोणाचं नको.”

“घरगाडी नाही, तर दवाखाना नाही. ऑर्डरमध्ये स्पष्ट आहे. हे सगळं तुम्ही कोणाच्या परवानगीनं सुरू केलं?”

“पाण्याची परवानगी गावाची,” मैमुनाबी म्हणाली. “दवाखान्याची माझी.”

“आणि मी आत्ता बंद करा म्हणालो तर?”

मैमुनाबीनं रांगेकडे पाहिलं. चौतीस बायका होत्या. पाच जणी पोटुश्या, दोघी पलीकडच्या वादीतून चालत आलेल्या. दारात आलेल्या प्रत्येकीचं नाव तिनं आधी विचारून वहीत लिहिलं होतं, औषध नंतर.

“तर त्यांना तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “एकेकीला, नावानं. ही घ्या वही.”

साहेबांनी वही उघडली नाही. बायका त्यांच्याकडे बघत होत्या, कोणीही जागची हलली नव्हती.

“आता जरा बाजूला व्हा, साहेब,” मैमुनाबी म्हणाली. “रांग अडते आहे.”

आणि साहेब बाजूला झाले.