काळा रंग चढण्याआधी

विश्वास ठेवायचा नसेल तर इथेच थांबा. मला कोणाला पटवून द्यायची हौस नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याची आहे, आणि आत्या अजून खणखणीत आहे.

रात्र नव्हती. भर दुपार होती. युद्धाचं शेवटचं वर्ष.

आत्या तेव्हा एका छापखान्यात कामाला होती. तिथे युद्धरोख्यांची पोस्टरं छापायचे. लोकांनी रोखे घेऊन सरकारला युद्धासाठी पैसे द्यावेत, म्हणून भिंतीभिंतीवर चिकटवायची चित्रं. आधी पिवळा रंग, मग लाल, शेवटी काळा. प्रत्येक रंगानंतर कागद तारेवर वाळत घालायचे. ते काम आत्याचं.

पोस्टरवर हसरा सैनिक होता. खाली लिहिलेलं, 'रोखे घ्या. मला परत आणा.'

तो सैनिक म्हणजे माझा धाकटा काका. तो आघाडीवर जायच्या आधी छापखान्याच्या चित्रकाराने त्यालाच समोर बसवलं होतं. आत्याला तेव्हा केवढं कौतुक.

मग काका गेल्याची तार आली.

आत्या तडक मॅनेजरसाहेबांकडे गेली. "आता तरी त्याचं चित्र थांबवा."

साहेब मान वर न करता म्हणाले, "बाई, याच चेहऱ्यावर रोखे खपतात. नवी ऑर्डर आलीय."

"मेलेल्या माणसाला परत आणा म्हणून पैसे मागायचे?"

"तो गेलाय हे लोकांना कुठे माहितीये? तुम्ही बोलू नका, म्हणजे झालं."

याच साहेबांनी स्वतःच्या मुलाला वशिला लावून भरतीतून सोडवलं होतं. दुसऱ्यांची पोरं चालतात, आपलं तेवढं घरी हवं. सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायची कोणाची टाप नव्हती.

आत्याने काम सोडलं नाही. म्हणाली, त्याला परक्यांच्या हातात कशाला देऊ?

त्या दुपारी पिवळा आणि लाल चढून झाला होता. तेव्हा चेहरा म्हणजे नुसता डाग असतो. डोळे, तोंड, अक्षरं, सगळं काळ्या रंगात येतं. मशीनमन डबा खायला बाहेर गेलेला. कागदावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद.

आणि... तारेवरचे कागद सळसळले.

वारा नव्हता.

आत्याने वर पाहिलं. सळसळ थांबली. मग रस्त्यावरचा आवाजही... बंद झाला.

तिने जवळचा कागद खाली ओढला.

चेहऱ्याला... डोळे होते.

काळ्या शाईचा डबा अजून उघडलासुद्धा नव्हता.

तिने दुसरा कागद पाहिला. तिसरा पाहिला. डोळे, नाक, घट्ट मिटलेले ओठ. हसू कुठेच नाही.

आणि तो... काका नव्हता.

आत्याने कागद नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. 

साहेबांनी झटकन कागद पालथा घातला. "हे कोणी काढलं?"

"कोणी नाही."

सैनिकाच्या टोपीखाली त्यांच्याच मुलाचा चेहरा होता.

साहेबांनी सगळे गठ्ठे मागच्या आवारात जाळले. छपाईच्या प्लेटा घासून कोऱ्या करून घेतल्या. काकाचं चित्र त्या दिवशी कायमचं थांबलं.

पण पुढच्याच आठवड्यात साहेबांचा मुलगा घरात कोणाला न सांगता भरती झाला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही म्हणे. तो परत आला नाही.

हे सगळं ऐकल्यावर मी विचारलं, "आत्या, तुला त्या मुलाचं वाईट नाही वाटलं?"

ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"तुझा काका तिकडे एकटाच होता गं," ती म्हणाली. "सोबत झाली त्याला."

आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

परवा तिचा फोन आला होता, चार दिवस राहायला ये म्हणून. मी काहीतरी सबब सांगितली.