बरणीच्या तळाशी

सकाळी प्रयोगशाळा उघडली, तर चाचणीच्या यंत्रातली रिंग गायब!

प्रोफेसर रादोयकोंनी तडक पोलीस बोलावले. रिंग स्टीलची, वर केसाहून पातळ काळा लेप. तेलात कितीही फिरवा, झिजणार नाही, असं प्रोफेसर टीव्हीवर छाती फुगवून सांगून आले होते. दुपारी क्रागुयेवात्स शहराच्या बसकंपनीचे लोक ती पाहायला येणार होते. किल्ल्या दोघांकडेच: प्रोफेसरांकडे आणि त्यांची इंजिनिअर नेवेना हिच्याकडे.

इन्स्पेक्टर देसांकाने सगळ्यांदेखत नेवेनाची पर्स टेबलावर उपडी केली. कंगवा, बसचा पास, खाऊन उरलेला चीजचा बुरेक. पोरगी कानापर्यंत लाल झाली.

"काल शेवटी कोण होतं?"

"मीच. चाचणी संपल्यावर यंत्र बंद केलं. रिंग तेलातच ठेवून गेले."

"पुसली, धुतली?"

"नाही. आज धुऊन तपासणार होतो."

"हिचंच काम," रादोयको म्हणाले. "जर्मनीत नोकरी शोधतेय ना ती!"



रादोयकोंनी देसांकाला आपल्या खोलीत नेऊन कॉफी दिली. खोलीत पेट्रोलचा वास होता. खिडकीत आयवार चटणीची जुनी बरणी. आत पाण्यासारखं काहीतरी, तळाशी काळी चकचकीत पूड.

"तुम्ही रिंग शेवटची कधी पाहिलीत?"

"चाचणीआधी. नंतर तिकडे फिरकलोच नाही."

"एवढी मोलाची होती?"

"मोलाची? अहो बाई, एवढी रगडली, तरी एक ओरखडा नाही!"

देसांकाने कप खाली ठेवला.

"तेलात माखलेल्या रिंगवर ओरखडा नाही, हे न धुता कळलं कसं तुम्हाला? काल नेवेना गेल्यावर तुम्ही आलात. ह्या बरणीत पेट्रोल घेऊन रिंग धुतलीत. चोर कशाला धूत बसेल? आणि ही पूड म्हणजे तुमचा लेप. पार सोलून निघालाय. टीव्हीवर बोलून बसला होतात, म्हणून रिंगच लपवलीत. वर पोरीचं नाव घेतलंत. पूड फेकली का नाहीत?"

"फेकवेना हो. सगळा जन्म गेला त्यात."

रादोयकोंनी कोटाच्या खिशातून रिंग काढली. दारात नेवेना उभी होती. तिला पाहून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"सर, घर्षण तर कमी झालं होतं," ती म्हणाली. "लेप टिकला नाही, एवढंच. मी पुन्हा बनवला असता."

मग ती टेबलावरचं सामान पर्समध्ये भरायला गेली. देसांका मदतीला दोन पावलं पुढे झाली आणि ओशाळून तिथेच थांबली.