तांबड्याची वजाबाकी

जलवनस्पती प्रयोगशाळेतल्या काचटाकीसमोर डॉ. वृंदा केळसकर उभी होती आणि नियंत्रकाची चकती फिरवून दिव्यांतला तांबडा प्रकाश उतरवत होती. टाकीत पाणतुऱ्याची रोपे होती. ही वनस्पती जगात आणखी एकाच ठिकाणी उरली होती, काळवी नदीच्या खोऱ्यातल्या कोंडींत, म्हणजे पात्रातल्या डोहांत. ते खोरे धरणाखाली जाणार होते. परवानगी देताना शासनाने एक अट घातली होती: ‘पर्यायी अधिवासात पुष्पधारणा सिद्ध व्हावी.’ शासनाच्या समितीला टाकीत एक फूल दिसले, की वनस्पती वाचली असे मानण्यात येणार होते आणि खोरे बुडवण्यास हरकत उरणार नव्हती. खोऱ्यातल्या माणसांसाठी अशी कोणतीही अट नव्हती.

“चोरून काय चाललंय, बाईसाहेब?”

मागे फरीदा मुजावर उभी होती. टाकीवरचे वर्णनियंत्रित दिवे तिनेच घडवले होते; प्रकाशशास्त्रात तिचा हात धरणारे संस्थेत कुणी नव्हते.

“चोरून कसलं? तू बघते आहेस की.”

“तांबडा काढलास तर ही फुलायची नाहीत, असं तूच म्हणाली होतीस.”

“म्हणूनच काढतेय.”

फरीदाने स्टूल ओढले. “नीट सांग. मला दिवे कळतात, झाडं नाही.”

“पाणी कुठला रंग आधी गिळतं?”

“तांबडा. काही मीटर खाली गेलं की जवळजवळ संपतोच. हिरवा-निळा जास्त खोल जातो.”

“पाणतुरा तेवढ्यावरून खोली ओळखतो. तांबडा भरपूर असला, म्हणजे कोंड आटत आली. आता फुलून बी टाकायचं. तांबडा नसला, म्हणजे डोक्यावर पाणी फार आहे. मग कळे धरायचे नाहीत, गड्ड्यातलं अन्न राखायचं आणि पाणी उतरायची वाट बघायची.”

“आणि हा हिरवा-निळा एवढा का चढवलायस? डोळे दिपतात.”

“उपाशी मरू नयेत म्हणून. रंग खोल पाण्याचा, प्रखरता दुपारच्या उन्हाची.”

“असं पाणी जगात कुठे नाही, वृंदा. झाडाशी खोटं बोलतेयस तू.”

“समितीशी बोलायचं धाडस नाही, म्हणून.”

फरीदा हसली आणि उठली. “मी काही पाहिलं नाही हं. माझा चष्मा घरी राहिलाय.” चष्मा तिच्या नाकावर होता.

काळवीच्या खोऱ्यात वृंदाची आत्या राहत असे. पाणतुरा फुलला, की तिच्या वस्तीत कोंडीतले पाणी उपसणे बंद होई. उरलेले पाणी गुरांचे आणि पाखरांचे. अलीकडे दर फोनला आत्या विचारी, “तुझ्या काचेच्या डबक्यात आलं का गं फूल?”

“नाही, आत्या.”

“येऊ नको म्हणावं त्याला. आणि तू वेळेवर जेवत जा. शास्त्रज्ञांना भूक लागत नाही असं कुठं लिहिलंय?”

समिती आली तेव्हा टाकीत एकही कळा नव्हता. आयुष्यात प्रथमच वृंदाने एक अपयश इतक्या निगुतीने वाढवले होते. समितीने आपल्या वर्णमापकाने उजेडाचे रंग तपासले, रोपांची छायाचित्रे घेतली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी संचालक डॉ. अच्युत पणदूरकरांनी तिला बोलावले.

“या, केळसकरबाई. अभिनंदन!”

“फूल आलेलं नाही, सर.”

“फुलाचं काय घेऊन बसलात! टाकीत तांबडा प्रकाश नाहीच. म्हणजे पाणतुऱ्यावरच्या तुमच्याच शोधनिबंधानुसार ही रोपं स्वतःला धरणाच्या तळाशी समजताहेत. आणि आहेत कशी? टवटवीत! मग बुडाल्यावर त्यांना धोका कसला? राहतील की तिथेच. टाकीसुद्धा नको.”

“पण तळाशी अंधार असेल, सर. प्रखरता—”

“प्रखरता हा शब्द तुमच्या निबंधात नाही. मी दोनदा वाचला.”

ते खरे होते. झाडाला उजेड लागतो, हेही लिहून द्यावे लागेल असे तिला वाटले नव्हते.

गप्प राहावे, तर टाकी मोडीत निघणार आणि ही रोपेही तळाच्या काळोखात जाणार. बोलावे, तर तांबडा प्रकाश परत येणार आणि फूलही. खोरे दोन्हीकडून गेलेच होते. वाचलीच तर टाकीतली रोपे वाचणार होती. तिने चकतीची हकीकत सांगितली.

पणदूरकर रागावले नाहीत. “म्हणजे तांबडा दिला की फुलतील?”

“हो.”

“मग दोन्ही लिहू! खोल पाण्यात जगतो, टाकीत फुलतो. एका अटीला दोन पुरावे.”

“पहिला खोटा आहे, सर.”

“रोपं जिवंत आहेत, बाई. खोटं काय त्यात? चकती मात्र तुम्हीच फिरवा. तुमचा हात बसलाय.”

तिने फिरवली. यथाकाल तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी फुले पाण्याबाहेर आली आणि समितीने टाळ्या वाजवल्या. आत्याला पत्र्याच्या वसाहतीत एक खोली मिळाली. तिने पुन्हा कधी फुलाची चौकशी केली नाही.

धरणाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा काळवीच्या कोंडींत पाणतुऱ्याला नुकते कळे धरू लागले होते. पाणी चढले, तांबडा मावळला. पाणतुऱ्याने कळे आवरते घेतले, गड्ड्यातले अन्न राखले आणि आपल्या स्वभावाला अनुसरून तो पाणी उतरण्याची वाट पाहू लागला. मग निळा विझला, त्यामागून हिरवाही. गड्ड्यात अन्न होते तोवर तो वाट पाहत राहिला.