गुळमिळीत

आत्याबाईंना एवढंच सांगायचं होतं, की कानात घातलेलं नवं यंत्र बरोबर वाटत नाही. पण बरोबर नाही म्हणजे कसं, हे काही केल्या त्यांना सांगता येईना.

"आवाज मोठा येतोय का?" कान तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं. 'मॅडम' फक्त पेशंटांसाठी. एरवी वय एकोणतीस, आणि मोठ्या भावाच्या लेखी अजून 'छोटी'च.

"मोठा नाही गं… कसातरीच येतोय."

"पत्रट येतोय," दारापाशी भिजलेली छत्री मिटवत आत्यांचा भाचा म्हणाला. नेहमी त्यांना आणणाऱ्या सूनबाईंना ताप होता, म्हणून आज हा आला होता.

"काय येतोय?"

"पत्रट. खारट, तुरट, तसा पत्रट. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. हो ना गं आत्या?"

"अगदी तस्सा!" आत्या खुर्चीतल्या खुर्चीत उसळल्या.

छोटीने हसू दाबलं आणि कॉम्प्युटरवर वरच्या पट्टीतले आवाज जरा खाली आणले. "आता?"

आत्यांनी भाच्याकडे पाहिलं. त्याने डोकं खाजवलं. "आता… उशाळ झाला असेल."

"उशीतून आल्यासारखा?" तिने विचारलं, आणि आपल्याला हे पटकन कळलं कसं, याचं तिलाच नवल वाटलं.

तो मनापासून हसला. "चला! एक तरी भाषाबंधू भेटला."

"भगिनी," ती म्हणाली आणि उगाचच कीबोर्डकडे बघू लागली.

पुढे सूनबाई खडखडीत बऱ्या झाल्या, तरी आत्यांना आणायला तोच येऊ लागला. कधी बॅटरी संपली म्हणून, कधी नळीत मळ अडकला म्हणून. यंत्राची इतकी काळजी खुद्द आत्यांनाही नव्हती. त्या निवांत मासिक चाळत बसायच्या आणि हे दोघं बोलत राहायचे. पावसाच्या आवाजाला तो 'टपरझर' म्हणायचा. ती म्हणायची, छे, तो तर 'झिमटप' आहे. तो हार मानायचा. तिला ते आवडायचं.

"तुम्ही करता तरी काय?" चौथ्या खेपेला तिने विचारलं.

"गाणी ऐकतो आणि त्यांच्यावर लिहितो. इंटरनेटवर, एका संगीताच्या साइटसाठी. तानसेन होणं जमलं नाही, म्हणून टोपणनाव घेतलं… कानसेन."

तिच्या हातातली बॅटरी टेबलावरून घरंगळत खाली गेली. तो उचलायला वाकला. तो वर येईपर्यंत तिचा चेहरा बदललेला होता.

"'गुळमिळीत' तुमचा शब्द ना?"

"हो," तो खुशीत म्हणाला. "गुळगुळीत अधिक मिळमिळीत. लोकांनी डोक्यावर घेतला. चहाला गुळमिळीत म्हणतात, भाषणाला—"

"माझ्या दादाला म्हणतात."

आत्यांनी मासिकातून मान वर केली.

दोन वर्षांपूर्वी दादाचा पहिला अल्बम आला होता, अकरा गाण्यांचा. कानसेनच्या परीक्षणाचा मथळा एवढाच होता: 'गुळमिळीत'. परीक्षण कुणी वाचलं की नाही कोण जाणे, शब्द मात्र गावभर झाला. दादा नोकरी करतो त्या विमा कचेरीतसुद्धा कुणीतरी हसत हसत त्याच नावाने हाक मारली. त्या रविवारी दादाने गिटार कपाटावर टाकली, ती तिथेच होती.

"किती वेळा ऐकला होतात तो अल्बम?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"एकदा."

"कशावर?"

"मोबाईलवर… बसमध्ये." त्याने मान खाली घातली. "खरं सांगू? तिसऱ्या गाण्यालाच शब्द सुचला. इतका आवडला, की पुढचं ऐकायचं राहूनच गेलं."

आत्यांचं यंत्र पुसून तिने डबीत ठेवलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आठवडाभर तो फिरकला नाही. तिने दोनदा दाराकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चिडली. मग एका दुपारी तो आला, आत्यांशिवाय.

"अकराही ऐकली. रोज, शांत बसून. आठांबद्दल माझं मत तेच आहे, खोटं नाही बोलणार. पण तीन गाणी… ती मी ऐकलीच नव्हती हो. दादांची माफी मागायचीय. मत बदललं म्हणून नाही. ऐकलं नाही म्हणून."

"हाकलून देईल तो."

"देऊ दे."

रविवारी सकाळी दार दादानेच उघडलं. छोटीने ओळख करून दिली, तसा तो पाहुण्याकडे खालीवर बघत राहिला. "तो गुळमिळीतवाला? आणि तू त्याला घरी आणलंस?"

पाहुण्याने उंबऱ्यावरच उभं राहून ती तीन गाणी सांगितली. कुठल्या कडव्यात आवाज कापतो, कुठे गिटार मुद्दाम मागे राहते, सगळं, एकही शब्द न बनवता. दादा ऐकत राहिला. मग आत वळत म्हणाला, "चपला काढा."

बसल्यावर दादाच बोलला. "आठ गाणी गुळमिळीतच होती. मला तिसऱ्याच दिवशी पटलं होतं. राग त्याचा नव्हता हो… त्या तीन गाण्यांचं नाव कुणीच काढलं नाही, त्याचा होता."

त्याने खुर्ची ओढून गिटार खाली काढली. तारांना गंज चढला होता, सूर धड लागत नव्हता. तरी तो गायला.

छोटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दिवसभर ती ऐकणाऱ्या माणसांचेच चेहरे बघायची. तिचं कामच ते. पण असं ऐकताना तिने कुणाला पाहिलं नव्हतं. मान जराशी कललेली, नजर जमिनीवर, गुडघ्यावरची बोटं श्वास रोखल्यासारखी. आपल्या बोलण्याकडेही हा असाच कान देऊन असतो, हे तिच्या लक्षात आलं, आणि गॅसवर दूध उतू गेलं.

सहा महिन्यांनी दादाची नवी चार गाणी आली. छोटीने रोज ती साइट उघडून पाहिली. परीक्षण आलं, बरंही होतं, पण खाली नाव भलत्याच कुणाचं.

संध्याकाळी दवाखान्याबाहेर तो नेहमीसारखा उभा होता. पाऊस भुरभुरत होता. ती तरातरा त्याच्या छत्रीखाली गेली.

"तुम्ही का नाही लिहिलंत? आवडली नाहीत?"

"फार आवडली. पण आमच्याकडे नियम आहे… नात्यातल्या माणसावर लिहायचं नाही."

"नात्यातल्या?"

"संपादक बाईंनीही हेच विचारलं. म्हणाल्या, तुमचा कोण लागतो तो?" त्याने छत्री उगाच या हातातून त्या हातात घेतली. "मी म्हटलं… मेहुणा."

रस्त्यावरून एक बस गेली.

"साफ खोटं सांगितलंत," ती म्हणाली.

"हो… अजून तरी खोटंच आहे."

तिने त्याचा छत्रीचा हात सरळ केला. त्याचा अर्धा खांदा भिजत होता.

"मग खरं करायला हवं," ती म्हणाली. "नाहीतर नोकरी जायची तुझी."