उघड्या टाकीवरची वाफ

पहिल्या भेटीत हिस्केला वित्सेचा चेहरा दिसलाच नाही. दिसली ती पांढरी थंड वाफ, आणि वाफेपलीकडून आला तो आवाज.

"कुणी आहे का? की वळूच गिऱ्हाइकं बघतात इथं?"

"आहे की! आधी पाय पुसा. गोठा बाहेर ठेवून आत यायचं."

वाफ विरली. भुवयांवर पावसाचे थेंब घेऊन एक उंच तरुण हसत उभा होता. हातात गोठवणाऱ्या द्रव नायट्रोजनची लहान टाकी. गावोगावच्या गोठ्यांत जाऊन गायींना कृत्रिम रेतन करणारा नवा माणूस तो हाच. फ्रीसलंडचा पाऊस वरून पडत नाही, आडवा अंगावर येतो. हाही तसाच आला, असं हिस्केला वाटलं.

हिस्के वळू केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करायची. दर सोमवारी वित्से कांड्या न्यायला येई. गोठवलेल्या वीर्याच्या त्या बारीक कांड्या ती चिमट्यानं उचलायची, आणि तो आपल्या टाकीतला कप वर धरून त्या झेलायचा. कप टाकीच्या गळ्याखालीच ठेवायचा आणि लगेच आत सोडायचा, हा पहिला नियम. गोठलेल्या जिवाला जराशीही ऊब सोसत नाही.

"सिब्रेनच्या दे," तो म्हणायचा. "माझ्या बापाच्या गोठ्यात जन्मलाय तो. देखणा आहे ना?"

"वळू देखणाच आहे."

"आणि त्याच्या घरची माणसं?"

"माणसं आम्ही तपासत नाही."

"एकदा तपासून तर बघ..."

कप तसाच वर. वाफ दोघांच्या मनगटांवरून खाली ओघळत राहायची. 'खाली धर' हे शब्द हिस्केच्या ओठांवर यायचे — पण कप खाली गेला की झाकण लागणार, झाकण लागलं की तो निघणार. ती पुढची कांडी सावकाश शोधत राही. पुढच्या सोमवारी तो साखरपाव घेऊन आला.

"आईनं दिलाय."

"दिलाय, की तू मागितलास?"

"मागितला... पण कुणासाठी ते नाही सांगितलं."

वसंतात गायी कुरणात सुटल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. सिब्रेनच्या कांड्या दिलेल्या गायी एकामागून एक उलटत होत्या, गाभण राहीनात. सिब्रेन तरुण, अजून पारखीवर होता, म्हणून त्याच्या कांड्या फक्त वित्सेच्या गावांनाच दिल्या होत्या.

केंद्राचे प्रमुख फोप्मा साहेब म्हणाले, "सूक्ष्मदर्शकाखाली तर सगळं छान वळवळतंय. म्हणजे खोट वळूतच. कसायाला निरोप धाडा."

"दोन दिवस द्या, साहेब," हिस्के म्हणाली.

वळूचा कस सांगणारी काही प्रथिनं वीर्यात असतात. केंद्राच्या मोठ्या टाकीतल्या सिब्रेनच्या कांड्यांत ती भरपूर निघाली. मग तिनं वित्सेच्या टाकीतल्या कांड्या तपासल्या. तिथलं वीर्यही वळवळत होतं, पण लोखंडाला गंज चढावा तसं ऑक्सिजननं त्याचं आवरण खाल्लं होतं, आणि प्रथिनं गळून गेली होती. वरून जिवंत, आतून संपलेलं.

हिस्के खुर्चीत बसून राहिली. सोमवारची ती वाफ तिला आठवली, आणि वाफेत वर धरलेला तो कप.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर वित्सेही होता. हिस्के म्हणाली, "वळू चांगला आहे. फक्त वित्सेच्या टाकीतल्या कांड्या बिघडल्यात. पुन्हा पुन्हा ऊब लागलीय त्यांना."

वित्सेनं डोळे मिटले. घरचं माणूस वाचावं तसा एक सुस्कारा सोडला. "बरोबर आहे, साहेब. कप वर धरून मी बोलत बसायचो."

"बोलत? कुणाशी?"

त्यानं हिस्केकडे पाहिलं. क्षणभरच. तिचे ओठ हलले... आणि नजर बुटांकडे गेली.

"स्वतःशीच," तो म्हणाला. "जुनी खोड आहे."

"हिस्के, तू तर समोरच असायचीस! दिसलं नाही तुला?"

"वाफ... वाफ असते ना तिथं, साहेब."

सिब्रेन वाचला. वित्सेचं काम गेलं.

टाकी परत द्यायला तो शेवटचा आला, तेव्हाही पाऊस आडवाच होता. पार दक्षिणेला, झीलंडात मामाच्या बटाट्याच्या शेतावर निघालो, म्हणाला.

"मी साहेबांना सांगते. आत्ता जाते!" हिस्केनं त्याची बाही धरली.

"नको. काम तर तसंही गेलंच असतं, हिस्के. पण तू एक शब्द बोलली असतीस ना... तर मी इथंच राहिलो असतो. गोठे धुतले असते."

"वित्से, मला तू —"

"ठाऊक आहे." तो हसला, पहिल्या दिवसासारखा नाही. "नाहीतर एवढा थंडगार कप कोण वर धरून उभं राहील?"

त्यानं रिकाम्या टाकीचं झाकण हळूच लावलं, आणि बाही सोडवून घेतली.

आता सिब्रेनची वासरं गावोगावच्या कुरणांत उड्या मारतात. सोमवारी कांड्या न्यायला दुसरा माणूस येतो. चिमटा उचलण्याआधीच हिस्के त्याला बजावते, "कप खाली धर. झाकण लाव. मग काय ते बोल."

तो कप खाली धरतो, झाकण लावतो, आणि निघून जातो. बोलण्यासारखं काही नसतंच.