मागच्या फळीवरची उशी

जस्टिन पाळकाला मासळीचा वास सोसत नव्हता, आणि त्याला नेमलं होतं मासे धरणाऱ्यांच्या वस्तीवर. जायकवाडीच्या फुगवट्याला, नेवाशाच्या अंगाला, गाळाच्या काठावर पंचवीस-तीस पत्र्याची घरं, एक विटांचं प्रार्थनाघर आणि त्याला लागून पाळकाची खोली. सकाळी दार उघडलं की आधी दिसायची वाळत घातलेली जाळी, मग कुत्री, मग बर्फाच्या पेट्या घेऊन आलेला टेम्पो. जस्टिन नाकाला रुमाल लावून चहा प्यायचा. रुमाल लावून चहा कसा पितात ते त्यालाच ठाऊक, पण प्यायचा.

तिसरं वर्ष चाललं होतं. बायको लिडिया नगरला, सावेडीत, शाळेत शिकवायची. पहिल्या वर्षी ती रोज फोनवर विचारायची, कधी येताय. दुसऱ्या वर्षी रविवारी विचारायची. आता विचारतच नव्हती, आणि तेच त्याला जास्त टोचत होतं. बाकी काही असो, त्याचं त्या बाईवर प्रेम होतं. घरी जायचंय, एवढीच एक इच्छा घेऊन तो उठायचा आणि तीच घेऊन झोपायचा.

पाळकांच्या नेमणुका करणाऱ्या समितीनं शेवटी वाट दाखवली होती. पाण्यावर पोट असणाऱ्यांसाठी मननं, म्हणजे बायबलवरचे उपदेश, तयार करा म्हणाले. धरणावरचे, खाडीतले, समुद्रातले, सगळ्यांना मोबाईलवर पाठवता येतील अशी, छोटी, होडीत बसून चित्रित केलेली. आणि हो, त्या वस्तीवर उशीचं काहीतरी खूळ आहे म्हणतात, ते तेवढं मोडून काढा. एवढं झालं की नगरची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, तुमच्या हवाली.

आता ते खूळ काय, तेही ऐका. शुभवर्तमानात वादळाची गोष्ट आहे. प्रभू नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलाय, वादळ उठतं, शिष्य त्याला घाबरून उठवतात, तो वाऱ्याला दटावतो आणि पाणी निवतं. जगभर ही गोष्ट सांगतात ती उठल्यावर काय झालं त्यासाठी. या वस्तीनं धरून ठेवली ती झोप. प्रत्येक होडीच्या मागच्या फळीवर गोणपाटाची एक उशी. त्या फळीवर कोणी बसायचं नाही, मासळी ठेवायची नाही, जाळं टेकवायचं नाही. आणि पाण्यावर गेलं की मोठ्यानं बोलायचं नाही. हाका नाहीत, गाणं नाही, मोबाईलची रिंगसुद्धा बंद. एक होडी दुसरीला हातानं खुणावणार. प्रार्थना करायची तीही नुसती ओठांनी.

जस्टिनला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. रविवारच्या उपदेशात त्यानं विचारलं, उशीला हळदकुंकू लावायचं तेवढं राहिलंय, ते कधी लावताय? कोणी हसलं नाही. माना खाली घालून बसले. जमिनी पाण्याखाली गेल्या तेव्हा यांच्या आजोबांनी जाळी हातात घेतली, आणि बहुतेक त्याच दिवशी अक्कल त्या पाण्यात सोडून दिली, असं त्यानं लिडियाला फोनवर सांगितलं. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून त्यानं आणखी दोनचार टोमणे जोडून सांगितले.

उशा शिवायची ती रंगुबाई. शांतवन होडीवाल्याची आई. डोळ्यांनी अधू, पण सुई बिनचूक चालायची. जस्टिननं तिला एकदा विचारलं होतं की आजी, इतकी वर्षं झोपलाय तो, एकदा उठवून तर बघा. म्हातारी शिवता शिवता थांबली.

"कुनी उठवलंच न्हाई, तर काय सांगू साहेब तुमाला?"

"पण तो प्रभूच ना? मग भीती कसली?"

रंगुबाईनं यावर दोरा तोडला आणि पुढची उशी घेतली. अडाणी माणसं उत्तर सापडलं नाही की कामाला लागतात, हे जस्टिनला पक्कं माहीत होतं. तो विषय त्यानं तिथंच सोडला.

मननं मात्र मार्गी लागली. काठावर बसून त्यानं जाळी दुरुस्त करण्यावर एक केलं, रिकाम्या हातांनी परतण्यावर एक केलं. बोलायला पठ्ठ्या पटाईत होता, समिती खूश झाली. मग निरोप आला की शेवटचं मनन वादळाचं हवं, आणि ते भर पाण्यात, होडीत बसून. ते बघूनच नगरचं काय ते ठरवू.

जस्टिन शांतवनकडं गेला. काठावर होडी रिकामी उभी होती, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. होडीची मागची बाजू पाण्यात दबलेली होती. पुढचं टोक चांगलं वीतभर वर, आणि मागं तर नुसती ती उशी. त्यानं वाकून बघितलं, तळाला पाणीबिणी साचलं नव्हतं. शेजारच्या होड्याही तशाच, मागं दबलेल्या. फळ्या फुगल्या असतील, किंवा यांना होडी नीट बांधता येत नसेल. दुसरं कारण त्याला जास्त पटलं.

त्यानं शांतवनला सांगितलं की उद्या दुपारी मला मध्यावर घेऊन चल, मी मागच्या फळीजवळ बसून बोलणार, आणि उशी मला जवळ लागेल. शांतवन नाही म्हणाला. अगदी नम्रपणे, हात जोडून, पण नाहीच. दुसरी होडी बघा म्हणाला, आणि दुसरा कोणी तयार होणार नाही हेही दोघांना माहीत होतं.

तेव्हा जस्टिननं जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. शांतवनच्या मुलीचं, रुपालीचं, लग्न पुढच्या आठवड्यात होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मुलाकडची माणसं पैठणहून यायची होती. जस्टिन शांतपणे म्हणाला, "मग लग्न लावायला दुसरा पाळक बघ."

शांतवननं बराच वेळ त्याच्या बुटांकडं बघितलं. मग होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. एप्रिलचं ऊन, वाऱ्याचा मागमूस नाही, पाणी तापून पांढरं पडलेलं. लांब चारदोन होड्या जाळी ओढत होत्या. शांतवन पुढच्या टोकाकडं तोंड करून, जस्टिनकडं पाठ करून वल्हवत होता. उलटं बसून कसलं वल्हवतो, जस्टिनच्या मनात आलं. पण होडी सरळ चालली होती.

मध्यावर आल्यावर त्यानं मोबाईल काठीला लावला, केस सारखे केले आणि सुरुवात केली. बंधुभगिनींनो, तुम्ही जे पाण्यावर राबता. आवाज छान लागला होता. बोलता बोलता त्यानं उशीकडं पाहिलं. मध्ये खळगा पडला होता. उशी जुनी झाली की पडतोच. पण खळग्याभोवतीचं गोणपाट एवढ्या उन्हातही ओलं होतं, आणि तो ओलावा हळूहळू पसरत होता.

त्याला किळस आली. मासळीचं पाणी, दुसरं काय. त्यानं पुढं चालू ठेवलं. वादळ आलं, लाटा आत आल्या, आणि प्रभू मात्र झोपलेला.

लांबच्या होड्या थांबल्या होत्या. जाळी अर्धी ओढून तशीच सोडलेली. त्या होड्यांतली सगळी माणसं पाठ करून उभी होती.

हे बघून मात्र जस्टिनचं डोकं फिरलं. मूर्ख, अडाणी, घाणेरडी माणसं. यांच्यापायी तीन वर्षं गेली, बायको परकी व्हायची वेळ आली. आणि ही पाठ करून उभी. त्यानं ठरवलं, यांना ऐकू जाईल असंच ओरडायचं.

"प्रभू!" तो ओरडला. पाण्यावर असा आवाज त्यानं या वस्तीत कधी ऐकला नव्हता. "आम्ही बुडालो आणि तू झोपतोस? ऊठ!"

आणि त्यानं उशीवर जोरानं थाप मारली.

त्याचा हात उशीला लागला नाही.

उशीच्या चार बोटं वरच अडला. काहीतरी गार होतं, ओलं होतं, आणि थापेसरशी हललं.

जस्टिननं हात मागं घेतला. बघितलं. फळीवर फक्त उशी होती.

उशीचा खळगा सावकाश भरून आला.

मग होडीची मागची बाजू वर उठली. धक्का नाही, हेलकावा नाही. पाण्याची खूण फळीवरून खाली सरकत गेली आणि होडी सपाट झाली. लगेच ती फळीच्या अलीकडं दबली, जिथं जस्टिन बसला होता तिथं, त्याच्या डाव्या बाजूला.

तो हलला नाही. हलता आलं नाही म्हणा.

शांतवननं मागं वळून पाहिलं नाही. अगदी हळू म्हणाला, "उठवलं तुमी."

आणि होडी काठाकडं वळवली.

काठावर रंगुबाई उभी होती. तिला नीट दिसत नव्हतं, तरी तिनं होडी चाचपली. मागची फळी, मग पुढची. उशी उचलून छातीशी धरली आणि तोंडाला पदर लावला. रडत होती की काय होतं, जस्टिनला कळलं नाही. त्याचे दात वाजत होते. ऊन लागलं, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि रात्री दोन गोळ्या घेऊन पडला.

सकाळी उठला तर वस्तीवर गलका. होड्यांवर माणसं एकमेकांना हाका मारत होती, कोणी रेडिओ लावला होता, एक जण तर भजन गात जाळं टाकत होता. होड्यांच्या मागच्या फळ्यांवर मासळीच्या पाट्या रचलेल्या. उशा गेल्या होत्या. विचारलं तर म्हणाले, चुलीत घातल्या. जस्टिनला आनंद व्हायला हवा होता, आणि दुपारपर्यंत तो झालाही. माणसाचं मन काय, सोयीचं असलं की लगेच पटतं. एका थापेत तीन पिढ्यांचं खूळ मोडलं, असं त्यानं समितीला कळवलं. चित्रफीतही पाठवली. फार प्रभावी, असा निरोप आला.

रुपालीचं लग्न त्यानंच लावलं. प्रार्थनाघर भरून बाहेर मांडवात माणसं उभी, पण पुढचं, त्याच्याजवळचं बाकडं रिकामं. या म्हटलं, बसा म्हटलं, कोणी येईना. संकोच, दुसरं काय. वस्तीतली माणसं आता त्याच्याशी फार गोड वागत होती. ताजी मरळ आणून देत होती. फक्त देताना लांबूनच हात पुढं करत होती.

महिनाअखेरीस फोन आला. नगरची मंडळी तुमची, येत्या रविवारपासून उपदेशाला उभे राहा. जस्टिननं लगेच लिडियाला फोन केला. ती म्हणाली, खरंच? मग म्हणाली, लवकर या.

शनिवारी दुपारी टेम्पोत सामान चढलं. सामान ते काय, एक खाट, दोन ट्रंका, पुस्तकं. सगळी वस्ती निरोपाला आली. शांतवन पुढं झाला, हात जोडले.

"सलाम, पाळकसाहेब."

मग तो एक पाऊल डावीकडं सरकला, जिथं कोणीच नव्हतं, आणि तिथंही तसेच हात जोडले.

"सलाम."

जस्टिननं बघितलं, आणि बघितलंच नाही असं ठरवलं. टेम्पोवाल्याला म्हणाला, चल.

घोडेगाव मागं पडलं, शिंगणापूरच्या फाट्यावर शनिवारची गर्दी, मग पांढरीपूल, मग नागापूरचे कारखाने. मैल मागं पडत गेले तसं त्याला हलकं वाटू लागलं. मनातल्या मनात तो त्या वस्तीवर थुंकला. परत तोंड बघणार नाही म्हणाला, आणि त्याला हसू आलं. किती दिवसांनी मोकळं हसू आलं.

सावेडीत पोचला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. दार लोटलेलं होतं. त्यानं मोठ्यानं हाक मारली, "लिडिया!"

ती लगबगीनं बाहेर आली. नवी साडी नेसली होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि ओठांवर बोट ठेवलेलं.

"हळू," ती कुजबुजली. "किती ओरडता. आत्ता डोळा लागलाय त्यांचा."

"कोणाचा?"

"असं काय करता? तुमच्याच वस्तीवरचे ना ते? दुपारी तुमच्या पुढं आले. तुम्हीच घेऊन आलात म्हणाले. अंग सगळं ओलं होतं, काही खाल्लंही नाही. फार वर्षांची झोप मोडली म्हणाले, तेव्हा मी आपला पलंग मोकळा करून दिला."

जस्टिननं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. ते पुरतं बंद नव्हतं. आत अंधार होता आणि एवढ्या उकाड्यात तिथून गारवा येत होता. पंखा बंद होता.

"पंखा तरी लाव," तो म्हणाला. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाला.

लिडियानं घाबरून त्याचा हात धरला. "नको. मी लावला होता, तर त्यांनीच नको म्हटलं. वारा सुटला की पुन्हा उठावं लागतं म्हणे."